केकच्या गाडीचं करपलेलं तेल

१

बसा. दार जरा जोरात ओढा, ते लाडीगोडीनं लागत नाही. पट्टा लावलात? आता ती पेटी मांडीवर घ्या. खाली नका ठेवू, खाली ठेवलेल्या पेटीला पाय फुटतात. रस्ता लांब आहे, आणि तोंडाला कुलूप लावून गाडी हाकणं आपल्याला जमत नाही. तेव्हा एक गोष्ट ऐका. खुनाची म्हणा हवं तर. मेला तो माणूस नव्हता, गिअरबॉक्स होता. पण मारेकरी घरातलाच होता.

एक केकचं दुकान. ते चालवायची मावशी. सख्खी मावशी ती एकाच पोराची, पण सगळा बाजार तिला मावशीच म्हणायचा. तो पोरगा तिच्या गेलेल्या बहिणीचा. आई गेली तेव्हापासून याच घरात, याच भट्टीच्या उबेला वाढला. चांगला मिशा फुटलेला बाप्या झाला, पण गाडीत बसला की पायाला शिंगं फुटायची. म्हणून नाव पडलं रॉकेट.

एका मंगळवारी भर दुपारी दुकानातला फोन वाजला.

"मावशी, गाडी चढत नाहीये."

"चढत नाही म्हणजे? रुसलीय?"

"इंजिन बोंबलतंय, चाकं जागची हलत नाहीत. टेकडीच्या हॉटेलाखाली, अर्ध्या चढावर अडकलोय. आणि कसला तरी वास येतोय."

मावशीनं हातातली क्रीमची पिशवी तशीच टाकली. ती, तिचा नवरा म्हणजे काका, आणि पाहुणी आलेली नणंद, असे तिघं रिक्षात कोंबून टेकडीवर पोचले. काकांची दाढ ठणकत होती, गालाला फडकं बांधलेलं. एरवी टेकडीच्या हॉटेलचा माल तेच पोचवायचे. दाढेमुळे आज रॉकेटला पाठवलं आणि हे झालं.

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मागे हॉर्नची नुसती जत्रा. मावशीनं दारातून आत डोकं घातलं आणि तिची नजर गिअरच्या दांड्याशेजारच्या गोल खुंटीवर गेली. खुंटी स्पोर्टवर होती.

"वाटलंच मला! शर्यत लावतोस? केक घेऊन?"

"अगं, ओढत नव्हती म्हणून फिरवली मी. चढावर…"

"गप्प बस! ज्यानं हा गिअरबॉक्स खाल्ला, त्याच्या हाताला या गाडीची चावी पुन्हा लागणार नाही. रविवारी इथलं लग्न आहे, पाच मजली केक आहे, तेवढा होऊ दे. मग तू शहरात, तुझ्या चुलत्याच्या गोदामात."

रॉकेटचं तोंड केक खाली पडल्यावर होतं तसं झालं. भट्टी मावशीच्या मुलाकडे, काउंटर सुनेकडे. रॉकेटकडे होती फक्त चावी. ती गेली की या घरात त्याला जागा कुठली?

तेवढ्यात ती नणंद गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकली. नाक पुढे करून तिनं दोनदा हुंगलं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "हा वास आजचा नाही."

२

ही नणंद म्हणजे आक्का. काकांची थोरली बहीण. अख्खी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात गेलेली. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हाताच्या टपल्या खाऊन लायसन काढलेलं. बाई अंगानं पाव किलो, आवाजानं दोन मण. पुढचं सगळं तिनंच मला इतक्या वेळा सांगितलंय, की तिच्या मनात कधी काय आलं तेही पाठ झालंय.

"वन्सं, तुम्ही मधे पडू नका," मावशी म्हणाली. "तुमचा लाडका आहे तो."

"लाडका आहे म्हणून तर त्याच्यावर सगळ्यात आधी माझा संशय. पण बिनाचौकशीची फाशी मला चालणार नाही. रविवारपर्यंत शोधून देते कुणी केलं ते."

"आणि हाच निघाला तर?"

"तर याची बॅग मी स्वतः भरते. दुसरा कुणी निघाला तर?"

"तर त्याला तोच नियम. कुणी का असेना!"

मागे उभ्या काकांनी फडक्यातून मान डोलावली. "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

आता त्या खुंटीचं सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. गाडी ऑटोमॅटिक. गिअर आपला आपण पडतो, क्लचबिच भानगड नाही. पण कधी पडायचा, कसा पडायचा, ते ती खुंटी ठरवते. इकोवर ठेवली की गाडी काटकसरी सुनेसारखी वागते: गिअर झटपट वर टाकते, इंजिनला ओरडू देत नाही. स्पोर्टवर ठेवली की गिअर धरून ठेवते, इंजिन किंचाळतं, मग खटकन पुढचा. नॉर्मल म्हणजे मधलं. आणि शेवटी बर्फाची चांदणी काढलेला एक मोड होता, स्नो म्हणून. आपल्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

गाडी चालवणारे तिघं. काका, रॉकेट आणि सूनबाई. तिघांच्या तीन तऱ्हा, त्यावरून रोज भांडणं. "माझी खुंटी कुणी फिरवली?" म्हणून. तेव्हा मावशीनं घरात कायदा केला होता: तुम्ही कुठल्याही मोडवर चालवा, पण गाडी उभी करताना खुंटी नॉर्मलवर आणून ठेवायची. भांडणं मिटली. पण झालं काय? कोण कशावर चालवतं ते कुणालाच कळेना.

"कायदा चांगलाय तुझा," आक्का मावशीला म्हणाली. "चोरानंच केल्यासारखा."

३

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे. आक्का एकटी त्याला ढब्बू म्हणायची, कारण लायसनच्या परीक्षेत त्यानं गाडी उलटी घेऊन साहेबांच्या टेबलाला लावली होती.

"या बाई," उस्ताद उठून उभा राहिला. अजूनही उठायचा बिचारा. "बघा काय झालंय."

त्यानं पांढऱ्या कागदावर गिअरबॉक्समधल्या तेलाचा एक थेंब सोडला. नवं तेल लालबुंद असतं, सरबतासारखं. हे काळंकुट्ट. आक्कानं बोट टेकवलं, नाकाशी नेलं. तोच वास. करपलेला.

"असं तेल एका दिवसात होतं का रे?"

"नाव काढू नका. कित्येक महिने तापत आलंय हे."

"आणि आतले दाते? शाफ्ट?"

"इथंच तर मजा आहे, बाई. मला वाटलं, रॉकेटचं काम, म्हणजे आत मोडतोड असणार. धक्क्यानं गेलेला बॉक्स मी ओळखतो. पण दाते शाबूत, बॉक्स धरून ठेवणारं माउंटिंग शाबूत. हे बघा काय गेलंय." त्यानं पायानं एक जड, गोल डबा पुढे सरकवला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेलानं भरलेला असतो तो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. डब्याचं लोखंड तापून निळं पडलं होतं, मोरपिसासारखं. "आधी हा तापला. यानं तेल उकळलं. उकळलेल्या तेलात आतल्या प्लेटा जळल्या. बाई, हिला कुणी मारलं नाही हो. मंद आचेवर शिजवलंय."

आक्का त्या निळ्या लोखंडाकडे बघत राहिली. तीन चालवणारे. एक धसमुसळा, एक काटकसरी, एक लोण्यासारखा मऊ.

"ढब्बू, धसमुसळ्या माणसाच्या हातून असं होईल?"

"झालंच तर दुसऱ्या तऱ्हेनं होईल. हा तर कुणीतरी फार प्रेमानं केलेला खून आहे."

४

पहिली पाळी सूनबाईची. ती काउंटरवर पेट्या बांधत होती.

"आत्या, मी बाई इकोवरच चालवते. पेट्रोल वाचतं. बाजारातली सपाट गिऱ्हाइकं माझी. चढ दिसला की माझे हातपाय गळतात, तिकडे मी जातच नाही."

"गाडीत कधी वास आला होता?"

"करपल्याचा? तो काय, केव्हापासून येतोय. मला वाटलं, मागे ठेवलेले पाव. आमच्या ह्यांनी रोज एक घाणा करपवलेला असतोच."

भट्टीवरून तिचा नवरा ओरडला, "ऐकू येतंय मला!"

"ऐकायलाच म्हटलंय!"

आक्का कपाळावर हात मारून हसली. गॅरेजवाल्याच्या घरात हा वास आला असता तर दुसऱ्या दिवशी बोनेट उघडलं असतं. पण हे पडले भट्टीवाले. यांना घरात, दारात, उशीला, टॉवेलला सगळीकडे करपल्याचा वास. गाडी महिनोन् महिने ओरडून सांगत होती आणि हे पावाला शिव्या देत होते!

रॉकेट मागच्या अंगणात ट्रे घासत होता. आक्कानं बादली पालथी घातली आणि वर बसली.

"सोमवारी दुपारी दुकान बंद असतं. तू गाडी घेऊन कुठं जातोस रे?"

ट्रे हातातून निसटला. "कुठं नाही. हवा भरायला."

"दर सोमवारी? चाकं आहेत का फुगे?"

"आक्का, बोंबलू नकोस ना. मी काही वाईट नाही करत. स्पोर्टवर चालवतो, खरंय. पण हायवेवर, मोकळ्या रस्त्यावर. त्या दिवशी चढावर गाडी खेचतच नव्हती, म्हणून स्पोर्टवर घेतली. म्हटलं खालचा गिअर धरून ठेवेल तरी."

हे आक्काला पटलं. चढावर तिनंही तेच केलं असतं. पण पोरगं सोमवारचं बोलेना. ती उठली, त्याचा खांद्यावरचा शर्ट ओढून त्याच्या अंगावर फेकला, आणि शर्टाच्या खिशातून काहीतरी किणकिणत फरशीवर पडलं. एक चिमुकली पितळी घंटी.

आता ही घंटी काय, ते सांगायला हवं. काका केक नेताना गाडीतल्या मागच्या फळीला अशीच एक घंटी टांगायचे. वाजली म्हणजे गाडीला हिसका बसला. काकांची घंटी कधी वाजली नव्हती. मजल्याचे केक म्हणून फक्त त्यांच्या हाती. रॉकेटनं नेलेल्या केकवरचे गुलाब एका बाजूला झोपलेले असायचे.

"काकांची घंटी चोरलीस?"

"माझी आहे." पोराचे कान लाल झाले. "सोमवारी मी मैदानात जातो. गाडीत रिकाम्या पेट्या भरतो, घंटी लावतो, आणि ती वाजू न देता चालवायला शिकतो. मला पण मजल्याचा केक न्यायचाय, आक्का. मावशीला सांगू नकोस, ती हसेल."

आक्का हसली नाही. तिनं घंटी उचलून त्याच्या खिशात परत टाकली.

काका सापडले गल्ल्यामागे, गालात लवंग धरून. घरातला सगळ्यात सज्जन माणूस. मुंगीला वाट देणारा.

"बाळ, तू रे कशावर चालवतोस?"

"मी?" काकांनी लवंग या गालातून त्या गालात घेतली आणि गालातल्या गालात हसले. "आमचं गुपित आहे ते, आक्का. हात हलका लागतो."

५

शनिवारी आक्कानं उस्तादकडून तसलीच दुसरी गाडी मागून आणली. डिट्टो तीच, तीच खुंटी. रविवारच्या केकसाठी ती लागणारच होती. मागे भरले बसलेले, फसलेले केक, वजनाला वजन. फळीला घंटी.

"आता एकेकानं मला टेकडीवर न्यायचं," ती म्हणाली. "रोज चालवता तशीच. मी खुंटीकडे बघणार नाही, डोळे मिटून बसणार."

"झोपणार म्हणा की," मावशी म्हणाली.

"शिकवताना मी पोरांच्या चुका डोळ्यांनी कमी आणि बुडानं जास्त ओळखल्या आहेत. बुडाला गिअर कळतो."

सूनबाईनं गाडी हळूच काढली. निघाल्यावर चार पावलांवर आक्काला सीटखाली बारीकसा बदल जाणवला: पहिल्यावरून दुसरा. मग लगेच तिसरा, चौथा, इकोची घाई. चढाच्या पायथ्याशी सूनबाईनं ब्रेक मारला, घंटी किणकिणली. "आत्या, पुढे तुम्ही चालवा, नाहीतर मी इथंच रडते." ती खरं बोलत होती. चढ तिचा नव्हताच.

रॉकेट. पुन्हा तोच बारीक बदल, पहिल्यावरून दुसरा. चढ लागला तशी खुंटी कट्कन वाजली, इंजिनचा सूर वर चढला, गाडी ताठ होऊन वर गेली. एका वळणावर घंटी वाजली. रॉकेट पुटपुटला, "छ्या!"

मग काका. दाढ उपटून ताजेतवाने झालेले. गाडी सुटली ती पाण्यावर नाव सुटावी तशी. आक्का वाट बघत राहिली. चार पावलं. आठ पावलं. सीटखालचा तो पहिला बदल आलाच नाही.

चढावर नेहमीची गर्दी होती. गाड्या थांबत, सरकत, थांबत. काकांची गाडी थांबली की आक्काला ब्रेकचा दाब जाणवेना. इंजिन मात्र घुमत राहिलेलं. गाडी चढावर नुसत्या रेसवर तरंगत उभी. पुन्हा सरकली, पुन्हा तरंगली. मागे घंटी मुकी. आणि हॉटेलच्या दाराशी येता येता, मिटल्या डोळ्यांनी, आक्काच्या नाकाला तो वास लागला. अगदी पुसट. आज मागे पाव नव्हते.

गाडी थांबली. काकांचा हात सवयीनं खुंटीकडे गेला, नॉर्मलवर न्यायला, मावशीचा कायदा पाळायला. आक्कानं डोळे उघडले आणि त्या हातावर आपला हात दाबला.

"थांब, बाळ. हात काढ."

काकांनी हात काढला. खुंटी कुठं होती ते बघून आक्काच्या तोंडचं पाणी पळालं.

६

संध्याकाळी दुकानाचं दार ओढून सगळे आत बसले. मावशी मधोमध, हातात लाटणं, का ते तिलाच ठाऊक. रॉकेट दाराशी, बॅग भरायची की नाही या विचारात. काका कोपऱ्यात, खिशातली चावी चाचपत. वाटेत आक्कानं त्यांना दोनच वाक्यं सांगितली होती.

"बोला, वन्सं."

आक्काला आयुष्यात पहिल्यांदा बोलायचा कंटाळा आला. धाकटा भाऊ होता तो. तिनं कडेवर घेतलेला. पण दाराशी दुसरं एक पोर उभं होतं, ज्याला कडेवर घ्यायला आई नव्हती. ती बोलली.

"तेल काळं पडलं होतं, म्हणजे काम एका दिवसाचं नाही. म्हणजे मंगळवारी खुंटी स्पोर्टवर होती, त्यानं काही सिद्ध होत नाही. आतले दाते शाबूत, म्हणजे हिसक्यानं गेलं नाही. स्पोर्टवर गाडी दामटली तर प्लेटा झिजतात, पेट्रोल पाण्यासारखं जातं, नाही म्हणत नाही. पण तो मार वेगळा दिसतो, आणि रॉकेट दामटतो तो मोकळ्या, सपाट रस्त्यावर. इथं कन्व्हर्टर निळा पडलाय. तो कधी तापतो? त्याच्यात दोन पंखे असतात. इंजिनकडचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलानं चाकांकडचा फिरतो. गाडी उठताना हा जोरात, तो हळू. जेवढा दोघांत फरक, तेवढी तेलाला आच. पहिल्या गिअरमध्ये फरक पटकन मिटतो. पण कुणी रोज, भरल्या गाडीनं, चढावर, दुसऱ्या गिअरमधूनच उठत असेल तर?"

"पण गिअर तर आपोआप पडतो," सूनबाई म्हणाली. "दुसऱ्यातून कोण उठवेल?"

"एक मोड आहे तसा. घसरत्या जमिनीसाठी. चाकाला ओढ कमी, सुरुवात मऊ. बर्फावर उत्तम. उन्हाच्या चढावर म्हणजे तेलाची कढई. त्यात थांबल्यावर ब्रेक न मारता रेसवर गाडी धरली की कढईखाली आणखी जाळ."

मावशीनं लाटणं खाली ठेवलं. "बर्फाची चांदणी? ती कोण कशाला लावेल?"

आक्कानं भावाकडे बघितलं. तेवढ्यात काका उठले. खिशातून चावी काढली, काउंटरवर ठेवली, आणि शाळेत उभं केल्यासारखे उभे राहिले.

"मी लावली."



"गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, बर्फावर घसरू नये म्हणून या चांदणीवर गाडी हळूच उठते. मी म्हटलं, बर्फ काय नि क्रीम काय, दोन्ही घसरतातच. लावून बघितली. घंटी वाजली नाही! ब्रेक सोडताना हिसका बसतो, म्हणून चढावर ब्रेकच मारत नव्हतो. मला वाटायचं, मी गाडीला फुलासारखी जपतोय." त्यांनी रॉकेटकडे बघितलं. "आणि शिव्या तू खाल्ल्यास, पोरा. नियम म्हणजे नियम. माझी चावी गेली."

मावशी नवऱ्याकडे बघत राहिली. तिचा एक गाल थरथरला. सूनबाईनं पाण्याचा पेला पुढे केला, वाटलं आता रडते. आणि मावशी जी हसायला लागली! काउंटर धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

"अहो, आणि मी! इतकी वर्षं मी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडतेय, 'यांच्यासारखी चालवा, यांच्याकडून शिका!' एवढं बरं, कुणी माझं ऐकलं नाही. नाहीतर तीन गिअरबॉक्स गेले असते!"

मग सगळेच फुटले. काका शेवटी हसले, आधी ओठांनी, मग पोटानं. हसणं ओसरलं तशी मावशी उठून दाराशी गेली. रॉकेटच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तोच हात तिथंच, केसात राहिला.

"चुकलं माझं, बाळा."

"असू दे गं."

"असू दे काय असू दे! पण शब्द दिलाय मी. यांनी चावीला हात लावायचा नाही." ती वळली आणि तिचा चेहरा एकदम उतरला. "अगं बाई. मग उद्याचा पाच मजली केक टेकडीवर नेणार कोण?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सूनबाई म्हणाली, "माझ्याकडे बघू नका." आणि त्या शांततेत दाराशी उभ्या पोराच्या खिशात काहीतरी किणकिणलं.

"त्याला विचार," आक्का म्हणाली, "सोमवारी हवा भरायला कुठं जातो ते."

७

रविवारी सकाळी ऊन असं, की क्रीमला घाम फुटावा. पाच मजले मागे चढवले, ओल्या फडक्यांनी बूड धरलं. केकशेजारी, दोन्ही हात पसरून, काका बसले. ती त्यांची नवी जागा. पुढे रॉकेट, शेजारी आक्का. मावशी रिक्षानं मागोमाग, कारण "माझ्यानं आत बसून बघवणार नाही."

"खुंटी?" आक्कानं विचारलं.

"नॉर्मल. चढावर स्पोर्ट, म्हणजे खालचा गिअर धरून ठेवेल. थांबलो की ब्रेक, पूर्ण ब्रेक."

"आणि मऊपणा?"

"तो पायात, आक्का. खुंटीत नाही."

"हे मी तुला शिकवलं होतं."

"तेही टपली मारून."

बाजार गेला, घंटी गप्प. चढ लागला, पहिल्यावरून दुसरा गिअर पडला, घंटी गप्प. ते वळण आलं. रॉकेटनं श्वास धरला, आक्कानं सीटची कड धरली, मागून काका पुटपुटले, "हळू… हळू… सोड आता ब्रेक, अंगठ्यानं सोड, टाचेनं नव्हे…" गाडी वळली. घंटी गप्प. अर्ध्या चढावर गर्दीत तीनदा थांबले, तीनदा उठले. जिथं गाडी मेली होती, ती जागा मागे पडली. 

हॉटेलचं दार. इंजिन बंद. आणि तेवढ्यात मागे घंटी खणखणली, जोरजोरात.

 रॉकेट झर्रकन मागे वळला. पाचही मजले ताठ, गुलाब जागच्या जागी. आणि काका, क्रीमनं माखलेल्या हातानं, लहान पोरासारखी घंटी वाजवत बसले होते. रिक्षातून उतरलेली मावशी पदर तोंडावर धरून हसत होती की रडत होती, ते तिला आजही विचारा, सांगत नाही.

काकांनी पुन्हा चावीला हात लावला नाही. मागे बसून मात्र त्यांनी एक माणूस असा तयार केला, की आज टेकडीवरच्या हॉटेलचा कुठलाही केक तोच नेतो. रॉकेट म्हणतात अजून त्याला, सवयीनं. तुम्ही त्याच्याच शेजारी बसलाय. ही घंटी बघा ना, तुमच्या डोक्याच्या मागेच टांगली आहे. काकांची.

बरं, ऐका आता. पुढे ते वळण येतंय. माझा पाय मी सांभाळतो. ती पेटी जरा दोन्ही हातांनी सरळ धरा.